जुन्या संगणकासाठी घरचे बियाणे



खंडेनवमीला आपल्या घरात कोयते, खुरपी, पाण्याची मोटार आणि फटफटी यांच्या रांगेत अलीकडे आणखी एक यंत्र बसते. त्याच्यावरचा फडका निघतो, हळदकुंकवाची बोटे लागतात, झेंडूची माळ पडते, आणि दुसऱ्या दिवशी फडका पुन्हा वर. हे यंत्र म्हणजे थोरला मुलगा कॉलेजात असताना हौसेने आणलेला संगणक. मुलगा नोकरीला गेला, संगणक मागे राहिला. चालू केला तर पाच-दहा मिनिटे नुसता घरघरतो. दुकानात नेला तर "काका, आता भंगारात घाला" असे ऐकावे लागते.

बंधुभगिनींनो, भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आजचे हे पान वाचावे. लंगडणाऱ्या बैलाचा पाय दर वेळी मोडलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा नाल झिजलेली असते. जुन्या संगणकाचेही तसेच आहे. लोखंड ठीक असते, पण आतला कारभारी थकलेला असतो. या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर काय दाबले, पडद्यावर काय दाखवायचे, कागद कोणत्या कप्प्यात ठेवायचा, ही सगळी व्यवस्था तो पाहतो. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. तो नव्याने बसवणे याला तालुक्याच्या दुकानात "विंडोज मारणे" म्हणतात. हे काम घरी कसे करावे आणि त्यासाठी आपल्या यंत्राला बेतलेली तबकडी, म्हणजे सीडी किंवा डीव्हीडी, घरीच कशी तयार करावी, ते आज पाहू.

कोणत्या कारभाऱ्याची मुदत संपली?

घरोघरी असलेल्या जुन्या यंत्रांवर बहुधा विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असते. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आले. ८ एप्रिल २०१४ पासून कंपनीने त्याच्या दुरुस्त्या देणे बंद केले. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, आणि विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. मात्र नवी कीड निघाली तर तिच्यावरचे औषध मिळत नाही. अशा यंत्रावर जुनी वही उघडावी, हिशेब लिहावा, गाणी ऐकावीत, पण बँकेचा व्यवहार करू नये. एवढे पथ्य पाळावेच.

बेतलेली तबकडी म्हणजे काय?

दुकानातून आणलेली मूळ तबकडी ती छापली त्या दिवसाची असते. एक्सपीच्या पहिल्या तबकडीनंतर कंपनीने दुरुस्त्यांचे तीन मोठे गठ्ठे काढले: २००२, २००४ आणि २००८ साली. जुन्या तबकडीवरून एक्सपी बसवले की हे गठ्ठे मागाहून चढवावे लागत. तेवढ्या वेळात काय घडे, ते २००३ च्या ऑगस्टात जगाने पाहिले. "ब्लास्टर" नावाची कीड तेव्हा इंटरनेटवर फिरत होती. तिच्यावरची दुरुस्ती कंपनीने जुलैतच दिली होती. पण नव्याने एक्सपी बसवून जो इंटरनेटला जोडला जाई, तो संगणक पुष्कळदा दुरुस्ती उतरवून घेण्याच्या आधीच किडे. औषध आणायला निघावे आणि वाटेतच रोग लागावा, अशी गत.

यावर जाणकारांनी उपाय काढला. मूळ तबकडीतल्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवायच्या, दुरुस्त्यांचा गठ्ठा त्यांच्यातच मुरवायचा आणि मग नवी तबकडी लिहायची. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळावे, तसे हे. एक्सपीसाठी "एनलाइट" नावाच्या प्रोग्रामने ही सोय फार सुलभ केली. दुरुस्त्या घालणे, नको असलेला भार काढणे आणि आपल्या यंत्राचे ड्रायव्हर घालणे, ही तिन्ही कामे त्यात होत.

ड्रायव्हरचे महत्त्व अनेकांनी कपाळाला हात लावून शिकून घेतले आहे. एक्सपी निघाले तेव्हा हार्ड डिस्क रुंद चपट्या पट्टीने जोडल्या जात. पुढे साटा नावाची बारीक जोडणी आली. जुन्या तबकडीला तिची नवी पद्धत ओळखता येईना. मग यंत्र म्हणे "हार्ड डिस्कच नाही", किंवा निळा पडदा दाखवून थांबे. माणसाला वाटे डिस्क जळाली, आणि तो नवी विकत आणी. खरे तर डिस्क धडधाकट होती, तबकडीत तिची ओळख नव्हती. ती ओळख तबकडीतच घालून ठेवली की काम सरळ होई.

विंडोजची अशी तबकडी करायची तर ती आपल्या विकत घेतलेल्या प्रतीवरून आणि आपल्याच यंत्रासाठी करावी. परवान्याचा क्रमांक बहुधा डब्याच्या कुशीवर चिकटवलेला असतो. पुसट होण्याआधी तो वहीत उतरवून घ्यावा. बाजारातल्या "सगळे एकात" म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्या मात्र घेऊ नयेत. त्यात कोणी काय घातले आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.

मोकळ्या बियाण्याचा मार्ग

दुसरा मार्ग लिनक्सचा. हे बियाणे घ्यायला, वाटायला, सुधारायला आणि सुधारलेले पुन्हा द्यायला परवानगी आहे. म्हणूनच त्याच्या घरगुती आवृत्त्या जगभर निघाल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने डेबियन या लिनक्सवरून "बॉस" नावाची भारतीय आवृत्ती काढली. तिचे काम संस्थेच्या चेन्नई केंद्रात झाले. केरळात २००१ साली सुरू झालेल्या शाळांच्या संगणक प्रकल्पाने लिनक्समध्ये आपल्या अभ्यासक्रमाचे प्रोग्राम घालून शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार केली. गुरुजींना एकेक प्रोग्राम शोधत बसावे लागत नाही. एकच प्रत यंत्रावर चढवली की वर्ग सुरू. एका राज्याच्या शाळांना जे जमले, ते एका घराला का जमू नये?

आपल्या कामासाठी मी "अँटिएक्स" सुचवतो. हीसुद्धा डेबियनवरच बेतलेली आहे. अंगाने हलकी आहे आणि जुन्या यंत्रांना डोळ्यांपुढे ठेवूनच केलेली आहे. २०२३ साली तिची २३ वी आवृत्ती ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही जातींच्या यंत्रांसाठी निघाली. हिच्यात एक फार उपयोगी अवजार आहे. आपण यंत्र मनासारखे लावून घेतले की त्याचाच साचा काढून नवी तबकडी करता येते. त्या अवजाराचे नाव "आयएसओ स्नॅपशॉट". आपल्या रानात उतरलेल्या पिकातून चांगली कणसे निवडून पुढच्या पेरणीला ठेवावीत, तसे.

आधी माझी चूक ऐका

कृती सांगण्याआधी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगताना अजून लाज वाटते.

आमची थोरली आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिच्या म्हातारपणी मी तिला ओसरीवर बसवून तासभर त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. आत्या गेली. कॅसेटला बुरशी लागू लागली, म्हणून त्या संगणकात उतरवून ठेवल्या आणि कॅसेट टाकून दिली. २०१२ साली संगणक फार अडखळू लागला. एका स्नेह्याने स्वतः केलेली एक्सपीची तबकडी दिली. म्हणाला, "काही विचारत नाही, आपोआप सगळे करते." मी रात्री तबकडी घातली आणि जेवायला बसलो. हात धुऊन आलो तर यंत्र नवेकोरे. तबकडीने खरोखरच काही विचारले नव्हते. सगळी हार्ड डिस्क पुसून तिने नवा संसार मांडला होता. आत्याचा आवाज त्यात गेला.

त्यात स्नेह्याचा काही दोष नाही. त्याने ती तबकडी त्याच्या रिकाम्या डिस्कसाठी केली होती. मी न विचारता दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घातला. तेव्हापासून दोन नियम पाळतो. पहिला असा की घर पाडायच्या आधी सामान बाहेर काढायचे. दुसरा नियम तबकडी करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. अशा तबकडीत उत्तरांची यादी आधीच लिहून ठेवता येते: भाषा कोणती, वेळ कुठली, नाव काय. ती खुशाल लिहावी. पण कोणती डिस्क पुसायची, हा प्रश्न तबकडीवर सोपवू नये. तो यंत्राने विचारावा आणि माणसाने डोळे उघडे ठेवून उत्तर द्यावे.

आता क्रमाने कृती

एक. सामान बाहेर काढावे. फोटो, दुधाचा आणि फवारणीचा हिशेब, मुलांची प्रमाणपत्रे, सातबाऱ्याच्या प्रती, जे जे आपले ते दोन ठिकाणी उतरवावे. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या घरच्या संगणकात. उतरवले म्हणून थांबू नये. दुसऱ्या यंत्रावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. धान्य कणगीत भरले म्हणजे ते कोरडे आहेच असे नाही.

दोन. यंत्राची जात ओळखावी. पुष्कळ जण "एक्सपी होते, म्हणजे ३२ बिट" असे धरून चालतात. तसे नसते. २००६ पासून आलेले कोअर टू ड्युओ जातीचे प्रोसेसर ६४ बिट चालवतात, फक्त त्यांच्यावर ३२ बिटचे विंडोज बसवलेले असे. हे तपासणे महत्त्वाचे, कारण ३२ बिटची वाट अरुंद होत चालली आहे. क्रोम या ब्राउझरने ३२ बिट लिनक्सला २०१६ सालीच रामराम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट यंत्रांवर बसवण्याची तबकडीच निघाली नाही. आपले यंत्र ६४ बिट निघाले तर तीच आवृत्ती घ्यावी.

तीन. मूळ प्रत आणावी. अँटिएक्सच्या संकेतस्थळावरून आयएसओ नावाची एकच मोठी फाइल मिळते. गावात इंटरनेट मंद असेल तर तालुक्याला राहणाऱ्या भाच्याला सांगावे. फाइलबरोबर तिची पडताळणीची लांबलचक अक्षरमाला दिलेली असते. उतरवलेल्या फाइलीची अक्षरमाला काढून ती तंतोतंत जुळते का पाहावे. एक अक्षर चुकले तरी फाइल बिघडलेली समजावी आणि पुन्हा आणावी.

चार. तबकडी लिहावी. येथे नवखा माणूस हमखास चुकतो. तो आयएसओ फाइल इतर फाइलींसारखी तबकडीवर टाकतो, आणि यंत्र तबकडीकडे ढुंकूनही पाहत नाही. लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये "इमेज लिहा" हा पर्याय निवडावा, म्हणजे फाइलीतला साचा जसाच्या तसा उमटतो. सीडीत ७०० एमबी मावते आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. म्हणून डीव्हीडी घ्यावी. वेग कमी ठेवावा आणि शेवटी पडताळणी करून घ्यावी. पेनड्राइव्हवरूनही हे जमते, पण पुष्कळशी फार जुनी यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. तेथे तबकडीच कामाला येते.

पाच. आधी चाखून पाहावे. यंत्र चालू करताच एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी जी कळ त्या कंपनीची असेल ती दाबावी आणि डीव्हीडीवरून सुरू करण्यास सांगावे. अँटिएक्स तबकडीवरूनच चालू होते. आपण "बसव" म्हणेपर्यंत हार्ड डिस्कवर नवे काही बसत नाही. आवाज येतो का, छपाई होते का, इंटरनेट लागते का, हे येथेच पाहावे. घड्याळात जुने साल दिसत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो बदलावा. साल चुकले की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि माणूस उगाच इंटरनेटवाल्याशी भांडतो.

सहा. मग बसवावे. डिस्क निवडण्याचा पडदा आला की घाई करू नये. पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क काढून ठेवावी, म्हणजे चुकीच्या ठिकाणी बोट पडणार नाही. डिस्कचा आकार पाहून खात्री करावी. हे काम रात्री झोप डोळ्यांवर असताना करू नये, आणि जेवायला तर मुळीच उठू नये.

सात. घर लावावे. सगळ्या दुरुस्त्या चढवाव्यात. देवनागरी फाँट, मराठी लिहिण्याची इनस्क्रिप्ट मांडणी, पत्रे आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, गाणी-चित्रपटांसाठी व्हीएलसी आणि आपल्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर घालावा. नको ते काढून टाकावे. आठ-पंधरा दिवस वापरून पाहावे. काय कमी पडते ते तेव्हाच कळते.

आठ. आता साचा काढावा. आयएसओ स्नॅपशॉट उघडले की ते एक महत्त्वाचा प्रश्न विचारते: खाती तशीच ठेवायची, की कोरी करायची? तशीच ठेवली तर आपली मांडणी, खुणा, साठवलेले पासवर्ड हे सगळे तबकडीत जाते. ती तबकडी कपाटात ठेवायची, कोणाला द्यायची नाही. शेजाऱ्याला किंवा गावच्या शाळेला द्यायची असेल तर खाती कोरी करावी. मग प्रोग्राम आणि फाँट जातात, आपले खासगी काही जात नाही. साच्यातून कोणते कप्पे वगळायचे तेही येथे सांगता येते. फोटो-चित्रफिती वगळाव्यात, नाही तर साचा डीव्हीडीत मावणार नाही. त्यांची प्रत आपण पहिल्याच पायरीला वेगळी केली आहे. जुन्या यंत्राला या कामाला बराच वेळ लागतो, तेव्हा वीज टिकेल अशी वेळ निवडावी.

नऊ. दोन तबकड्या लिहाव्यात. त्याच यंत्रात घालून, डिस्कला हात न लावता, नुसत्या सुरू करून पाहाव्यात. न तपासलेली तबकडी म्हणजे न उगवून पाहिलेले बियाणे. वर मऊ टोकाच्या पेनने तारीख, ३२ की ६४ बिट, खाती कोरी की भरलेली, एवढे लिहावे. उन्हापासून दूर, पाकिटात उभ्या ठेवाव्यात. वर्षातून एकदा दुरुस्त्या चढवून नवा साचा काढावा. बियाणेही फार वर्षे ठेवले की उगवण कमी होते.

काय अपेक्षा धरू नये

म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवू नये. अँटिएक्स ५१२ एमबी मेमरीवरही सुरू होते, पण आजची संकेतस्थळे जड झाली आहेत. ती उघडायची तर निदान २ जीबी मेमरी असावी. जुन्या यंत्राची मेमरीपट्टी वापरलेल्या मालाच्या दुकानात स्वस्तात मिळू शकते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर नवा कारभारी बसवून उपयोग नाही, आधी डिस्क बदलावी. विंडोजवरचे काही प्रोग्राम, विशेषतः हिशेबाचे आणि जुन्या मराठी फाँटचे, लिनक्सवर चालतीलच असे नाही. तबकडीवरून चाखताना तेही पाहून घ्यावे आणि मगच जुने पुसावे.

एक शेवटचे सांगतो. हे काम घरातल्या एकट्या पुरुषमाणसाच्या हाती ठेवू नका. लेक असो, सून असो, जिच्या हाताला धीर आहे तिला शेजारी बसवून एकदा करून दाखवा. दुसऱ्यांदा तिला करू द्या आणि आपण नुसते पाहा. बियाणे कोणत्या मडक्यात ठेवले आहे, हे घरातल्या बाईला माहीत असले की पेरणी अडत नाही.

आणि हो, घरात कोणा वडीलधाऱ्याचा आवाज जुन्या संगणकात पडून असेल, तर हे पान मिटण्याआधी उठा. तबकडी सावकाश करता येईल. तो आवाज मात्र आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा.